शीव, हद्द आणि चांदा

वडिलांच्या कागदपत्रांच्या पिशवीत आमच्या उरल्याच्या जागेची जुनी रजिस्ट्री आहे. हिंदीत, टंकलिखित, शाई फिकट झालेली. जागा नेमकी कुठे आहे हे सांगण्यासाठी तीत चौहद्दी दिली आहे: पूर्वेला एका शेतकऱ्याची भाठा जमीन, पश्चिमेला गाडीरस्ता, दक्षिणेला दुसऱ्या एकाचं शेत, उत्तरेला नाला. आज पूर्वेला कारखान्याची भिंत आहे, गाडीरस्त्यावर रात्रंदिवस ट्रक उभे असतात, दक्षिणेच्या शेताचे चार मालक झाले आणि नाला लादीखाली गेला. चौहद्दीतली एकही बाजू आता जागेवर नाही, तरी जागा आहे. रायपूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या या गावाचं नाव ऐकून महाराष्ट्रातले पाहुणे हटकून विचारतात, "उरला म्हणजे काय उरला?" या कागदापुरतं तरी मला त्याचं उत्तर देता येत नाही.

मराठी खरेदीखतात याच भागाला चतुःसीमा म्हणतात. चौहद्दी काय, चतुःसीमा काय, दोन्हींत जमीन शेजाऱ्यांच्या नावांनी ओळखली जाते. आकडा नंतर येतो. हे माझ्या लक्षात आलं ते मात्र या कागदामुळे नाही, एका चुकलेल्या भाषांतरामुळे.

गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात, म्हणजे छत्तीसगडच्या सीमेला लागून, वनहक्काचं काम करणाऱ्या काही कार्यकर्त्यांना नकाशा काढण्याच्या शब्दांची एक पुस्तिका हवी होती. गावातली मुलंमुली हातात जीपीएस घेऊन जंगलात फिरणार, गावाच्या सामूहिक वनक्षेत्राचा नकाशा तयार करणार. त्यांना स्केल म्हणजे काय, बेसलाइन म्हणजे काय, बेअरिंग, काँटूर, डेटम म्हणजे काय हे मराठीत सांगायचं. मूळ मजकूर अर्धा इंग्रजीत, अर्धा छत्तीसगडच्या प्रशिक्षणातून आलेल्या हिंदीत. मी तुलनात्मक साहित्य शिकलेली, कथा-कवितांची भाषांतरं करणारी. काम माझ्याकडे आलं ते केवळ मी रायपूरला राहते, पटवाऱ्याची हिंदीही ओळखते आणि घरी मराठी बोलते म्हणून. साठेक शब्द, आठवड्याचं काम, असं मला वाटलं होतं.

पहिल्याच पानावर ठेच लागली. हिंदी मजकुरात होतं, आधी 'चांदा' शोधा आणि तिथून मोजायला सुरुवात करा. मराठी वाचकाला, त्यातही गडचिरोलीच्या वाचकाला, चांदा म्हणजे चंद्रपूर. गडचिरोली १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्यात होतं. शाळेत हिंदीतून भूमिती शिकलेल्याला चांदा म्हणजे कोनमापक. आणि पटवाऱ्याच्या भाषेत चांदा म्हणजे मोजणीचा पक्का दगड, ज्याच्यापासून गावचा नकाशा जमिनीशी जुळवून घेता येतो. सीमेवर असतो तो मुनारा. 'खार' या शब्दाचंही तसंच. मराठीत खार म्हणजे झाडावरची, लोणच्यातली किंवा समुद्राकाठच्या जमिनीतली. छत्तीसगडीत खार म्हणजे गावाबाहेरचा शेतांचा सलग पट्टा. जंगलातून परतणारा माणूस 'खार'पर्यंत आला म्हणजे तो जवळजवळ घरी पोचला.

शब्द असे शेजारी असूनही परके का, याचा शोध घेताना मी बरीच वर्षं मागे गेले. रायपूर आणि नागपूर फार काळ एकाच दप्तराखाली होते. भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांबरोबर १७४१ मध्ये छत्तीसगडात आल्या. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. पुढे सुभेदार आले, कमाविसदार आणि फडणवीस आले. १८१८ नंतर काही वर्षं इंग्रज अधीक्षकांनी कारभार पाहिला, तेव्हा मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हललं, आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. त्यानंतरचा मध्य प्रांत १९५६ पर्यंत नागपुरातूनच चालला. माझे आजोबा वर्ध्याहून रायपूरला आले तेव्हा त्यांनी राज्य ओलांडलं नव्हतं. ते नोकरीचं गाव बदलत होते, एवढंच. आजही विदर्भात म्हातारी माणसं तलाठ्याला पटवारी म्हणतात ती त्याच दप्तराची सवय.

मराठ्यांच्या अमलात छत्तीसगडात शेतवार मोजणी झाली नव्हती. कर ठरे तो नांगरांवर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथल्या पुष्कळ गावांत 'लाखाबाटा' नावाची रीत होती. काही वर्षांनी गावातल्या शेतांची पुन्हा वाटणी व्हायची. कन्हार ही काळी, ओल धरणारी माती, मटासी पिवळसर, डोरसा दोन्हींच्या मधली आणि भाठा म्हणजे खडकाळ, मुरमाड. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी चांगली, थोडी वाईट यावी म्हणून ही वाटणी. अशा गावात 'माझं शेत' या शब्दांचा अर्थ पुढच्या वाटणीपर्यंतच टिकणारा. रीत आदर्श होती असं मी म्हणत नाही. गावप्रमुखाच्या मर्जीने वाटण्या फिरल्या असतीलच. पण तिथे बांध हलू शकत होता.

मग बंदोबस्त आला. रायपूर जिल्ह्याच्या बंदोबस्ताचा ह्युइट यांचा अहवाल १८६९ चा. मालगुजारांना मालकी मिळाली, शेतांना खसरा क्रमांक मिळाले, आणि नंबर पडलेलं शेत पुन्हा वाटणीला काढणं अवघड होत गेलं. लाखाबाटा एका हुकमाने बंद झाला नाही, हळूहळू मागे पडला. नकाशाने जमीन दाखवली हे खरं, पण ज्या दिवशी दाखवली त्या दिवशी ती ज्याच्या हातात होती त्याच्याच हातात गोठवलीही. सर्वेक्षणाच्या शब्दांचं भाषांतर करताना हे डोळ्यांपुढे असायला हवं होतं. माझ्या डोळ्यांपुढे ते नव्हतं.

'बंदोबस्त' शब्दही पाहा. छत्तीसगडात अजून त्याचा पहिला अर्थ महसुलाचा. महाराष्ट्रात बंदोबस्त म्हटलं की गणपतीतले पोलीस आठवतात. पुण्याच्या कार्यालयात इंग्रजी सेटलमेंट कमिशनरचे झाले 'जमाबंदी आयुक्त'. एकाच इंग्रजी शब्दाची दोन प्रांतांत दोन फारसी-अरबी वळणाची भाषांतरं, आणि दोन्हींत लोकांना शांतपणे वसवण्यापेक्षा बांधून घेण्याचाच भाव जास्त.

मोजण्याच्या साधनांचीही अशीच फाटाफूट झाली. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये सुचवलेली साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. अशा दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. एकराचा शंभरावा भाग तो डिसमिल. रायपुरात आजही प्लॉट डिसमिलमध्ये विकतात, म्हणजे गुंटरचा दशांश नकळत तोंडी बसला आहे. मुंबई इलाख्यात मात्र प्रिंगलची पहिली मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूरपासून नवी सुरुवात केली, आणि त्या पद्धतीत साखळी ३३ फुटांची झाली. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आणि साखळीचे भाग किती? शंभर नव्हेत, सोळा. त्यांना नाव आणे. रुपयाचे सोळा आणे ज्याच्या बोटांवर होते त्या माणसाला जमीनही त्याच बोटांवर मोजता यावी, अशी ती सोय. त्याआधीच्या शिवकालीन मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी होती, तिथे मापच अंगावरून निघालेलं. मला आण्यांची साखळी फार आवडते. साहेबाच्या यंत्राचं ते खरं भाषांतर आहे, नुसत्या नावाचं नव्हे, मापाचंच.

मोजणी कार्यालयातल्या जुन्या मराठीतही असे चोख शब्द सापडतात. शेतावर काढलेली मापांसहित कच्ची आकृती ती टिपण. त्या मापांवरून क्षेत्रफळ काढायची वही ती गुणाकार बुक. हिश्श्यांचा नकाशा तो फाळणी नकाशा. कोणाही शेतकऱ्याला अर्धी ओळख आधीच असते. त्यापुढे 'समोच्चरेषा', 'दिगंश' हे पाठ्यपुस्तकातले शब्द म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेली काचेची भांडी. मी तीच मांडली. काँटूरला समोच्चरेषा लिहिलं आणि खाली खुलासा दिला. सरावाच्या दिवशी कोणीतरी म्हणालं, म्हणजे पावसाळ्यात तळ्याचं पाणी काठाला जिथवर लागतं ती रेघ ना? हो, तीच. पुढच्या आवृत्तीत खुलासा वर गेला आणि शब्द खाली.

त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबद्दल पुस्तिकेत दोन ओळी होत्या. त्यांत मी एक ओळ स्वतःची घातली, कारण ती विदर्भातली आहे. कर्नल विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि तिथून त्रिकोणांची माळ उत्तरेला ओढत नेली. वीस वर्षांनी ती माळ विदर्भापर्यंत आली, तेव्हा १८२३ च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. तिथेच त्याची कबर आहे. त्याच्या पद्धतीचं सामर्थ्य असं की एक रेषा जमिनीवर नीट मोजली की पुढचं सारं कोनांवर चालतं. टेकडीवरून टेकडीकडे पाहायचं, मधल्या गावात पाऊल टाकायची गरज नाही. गावाचं नाव नकाशावर येतं, पण गावाला काही विचारावं लागत नाही. साखळी ओढणारा निदान शेतातून जातो, त्याच्याशी कोणी भांडू तरी शकतं.

आता माझ्या चुकीकडे येते. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंसाधन म्हणजे गावाच्या पारंपरिक किंवा रूढ सीमेतलं जंगल. नियमांप्रमाणे दाव्याबरोबर नकाशा लागतो, आणि त्यावर ओळखता येतील अशा खुणा. इंग्रजीत त्यासाठी लँडमार्क शब्द आहे. त्याला मी 'सीमाचिन्ह' लिहिलं. कोशात बसणारा, नीटनेटका शब्द. मुलांनी तो अक्षरशः पाळला. तीन दिवस ती सीमेवर फिरली आणि सीमेवरच्या सगळ्या खुणा घेऊन आली: दगड, नाल्याचा संगम, वळणावरचा मोठा साजा. आतलं काहीच नाही. उन्हाळ्यात आटत नाही तो झरा, मोहाची झाडं, पूर्वजांच्या दगडांची जागा, जुन्या वस्तीचं ओसाड ठिकाण, काहीच नाही. नकाशावर गाव म्हणजे एक पोकळ कडं झालं होतं. आणि दाव्यात खरा पुरावा आतला असतो: लोक तिथे काय करत आले, कुठे पुजत आले, कुठून पाणी प्याले. एका शब्दापायी ऐन मोहाच्या हंगामात त्यांना पुन्हा फिरावं लागलं. मोह वेचायचे दिवस बुडणं म्हणजे काय, हे उरल्यात टेबलापाशी बसून मला कळलं नव्हतं. पुढच्या छपाईत 'सीमाचिन्ह' काढून 'खूण' घातलं. दोन अक्षरी शब्द, आधी का सुचला नाही?

दुसरी चूक बारीक, पण जास्त झोंबणारी. जीपीएसच्या पडद्यावर आकडा येतो, पाच मीटर, सात मीटर. इंग्रजीत त्याला एरर म्हणतात. मी 'चूक' लिहिलं. ग्रामसभेत तो कागद वाचला गेला तेव्हा प्रश्न आला, चूक कोणाची? ज्या माणसांना वनखात्याच्या आणि महसुलाच्या कागदांतल्या चुका पिढ्यान्‌पिढ्या निस्तरायला लागल्या, त्यांना चूक ही कोणाची तरी असणार, हे पक्कं ठाऊक. यंत्र मुळातच थोडं मागेपुढे दाखवतं, त्यात कोणाची लबाडी नाही, हे समजावण्यात अर्धा तास गेला. आता तिथे लिहिलं आहे: 'यंत्राचा मागेपुढेपणा'. शुद्धलेखनाच्या बाईंना चालणार नाही, पण प्रश्न पुन्हा आला नाही.

खरी मागेपुढे होणारी गोष्ट वेगळीच होती, डेटम. पृथ्वीचा आकार कसा धरायचा याचं गृहीतक. भारताचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या नावाच्या, १८३० च्या आकारावर बेतलेले, आणि जीपीएस चालतं १९८४ च्या जागतिक आकारावर. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश न बदलता यंत्रात घातले तर जागा शंभराच्या घरातल्या मीटरांनी सरकते. झऱ्याच्या या काठाचं गाव त्या काठाला जातं. याला मराठी शब्द मला शेवटपर्यंत जमला नाही. 'आधारपृष्ठ' लिहिलं आहे, आणि त्याखाली एक सूचना: कागद कोणत्या वर्षाचा ते आधी विचारा.

तिसरा शब्द सर्वांत साधा, बाउंड्री. मी सरसकट 'हद्द' लिहिलं होतं. हद्द अरबीतून आलेली, तिच्यात मर्यादा आहे, 'हद्द झाली' मधला राग आहे, पोलीस ठाण्याची हद्द आहे. कागद ऐकणाऱ्यांत एक वयस्क गृहस्थ होते, गोंडी बोलणारे, मराठी त्यांची दुसरी भाषा. ते म्हणाले, "ताई, हद्द जंगलवाल्यायची असते. आमची शीव." मी विचारलं, फरक काय? "हद्द त्यायच्या कागदात पायता येते. शीव सांगाची असन तं पल्याडच्या गावाले बलवा लागते."

शीव म्हणजे संस्कृत सीमाच, बोलीत झिजून आलेली. मुंबईतलं शीव स्टेशन तीच. पण त्या गृहस्थांनी जो फरक सांगितला तो व्युत्पत्तीत नाही, वापरात आहे, आणि कायद्यातही आहे. दाव्याच्या नमुन्यात लगतच्या गावांची नावं मागितली आहेत. रूढ सीमेवर दोन गावांचे दावे भिडले तर दोन्हीकडच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसावं असा नियम आहे. म्हणजे कायदा शीव मागतो आणि माझी पुस्तिका त्याला हद्द म्हणत होती. दोन रकाने करावे लागले. वनखात्याच्या कक्षाची, तालुक्याची, राज्याची ती हद्द. गावाची ती शीव. शेताचा बांध, त्याला विदर्भात धुरा. नकाशावर तिन्हींच्या रेषाही वेगळ्या काढायला सांगितलं, आणि शिवेच्या रेषेवर पल्याडच्या गावाचं नाव लिहायला.

राज्याची हद्द तर या जंगलातून जाते. पलीकडचं गाव छत्तीसगडचं, तिथे महसुलाचा कायदा १९५९ चा, इकडे महाराष्ट्राचा १९६६ चा. दोन्ही उघडून पाहिले तर दोन शब्द दोन्हीकडे तसेच आढळतात: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. निस्तार म्हणजे गावाने जंगलातून आणि पडीक जमिनीतून जळण, चारा, लाकूड, पाणी घेण्याचा वहिवाटीचा हक्क. वाजिब-उल-अर्जमध्ये वाटांच्या, पाण्याच्या, मासेमारीच्या रूढी नोंदायच्या. मध्य प्रांताच्या दप्तरातून आलेले हे शब्द पुण्या-मुंबईच्या मराठीला अपरिचित, तरी मुंबईत झालेल्या कायद्यात ते बसले, कारण विदर्भाला त्यांच्याशिवाय चालणार नव्हतं. आणि २००६ चा केंद्रीय कायदा इंग्रजीत असूनही 'निस्तार' तसाच लिहितो, वर म्हणतो, मग त्याला कोणत्याही नावाने ओळखलं जात असो. कायदा लिहिणाऱ्याने शब्दकोशापुढे हात टेकलेले मी फार थोड्या वेळा पाहिले आहेत. हा एक शब्द मी अनुवादित केला नाही.

याच भागात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणून. दाव्याच्या तयारीसाठी मुलांना तो कागद दाखवतात. आमच्या पुस्तिकेत तो शेवटच्या पानावर आहे. त्याच्या आधीच्या पानावर तीन रकान्यांचा तक्ता: मराठी, छत्तीसगडी-हिंदी, गोंडी. गोंडीचा रकाना मी भरलेला नाही. छापतानाही कोरा ठेवायला सांगितला, ओळी आखून, पेनाने लिहिता येईल एवढ्या जागेचा.

गेल्या महिन्यात त्या पानाचा एक फोटो मोबाईलवर आला. 'शीव'समोर निळ्या पेनाने एक शब्द लिहून खोडला होता, त्यावर दुसरा लिहिला होता, आणि बाजूला वेगळ्या अक्षरात: "पल्याडवाले असं नाई म्हणत, इचारून लिवू."